हरकती निरंक

सात नंबरची बस बंद झाली, त्याची ही हकीकत. पण बसपेक्षा जास्त ती एका माणसाची आहे, आणि थोडी माझीही आहे. माझा भाग गाळून टाकावा असं फार वाटलं. पण तोच गाळायचा असेल, तर लिहायला बसायचं तरी कशाला?

त्या माणसाला आमच्या वस्तीत सगळे हरकतकाका म्हणत. पोटापाण्याचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. दाराशी पत्र्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. काका बुटक्या स्टुलावर बसून मांडीवर खुर्ची आडवी घेत आणि एकेक पट्टी भोकातून ओढून बैठक विणत. एका बैठकीला दोन दिवस जात. बोटांची टोकं सोललेलीच असायची. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं. "प्लास्टिकची खुर्ची दुरुस्त होत नाही, एकदम मोडतेच," असं ते म्हणत. "मोडलेल्याचं मी काय करू?"

मंगळवारी साडेदहा वाजले की दुकानाला कुलूप. मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी काका मिळेल ती बस पकडून आमच्या ऑफिसात हजर.

मी नगर कार्यालयात सूचना विभागात कारकून आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक कपाट आणि व्हरांड्यातल्या काचेच्या फलकाची किल्ली. कुठला रस्ता रुंद होणार, कुठलं झाड तुटणार, कुठे कचऱ्याचा डबा येणार, कुठली बस कुठून वळणार, याची नोटीस मी त्या फलकात टाचणीने लावते. तीस दिवस ती तिथे राहते. त्या मुदतीत कुणाही नागरिकाने हरकत घ्यावी, मग एका मंगळवारी अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सुनावणी व्हावी, तिथे ज्याला बोलायचं त्याने बोलावं, असा कायदा आहे. फार सुरेख लिहिलाय तो. वाचून ऊर भरून येतो. फक्त येत कुणी नाही.

हॉलमध्ये चोवीस खुर्च्या आहेत. साहेब पावणेअकराला येऊन बसतात, मी शेजारी कॉम्प्युटर उघडते, आणि आम्ही दोघं सव्वाअकरापर्यंत पंख्याकडे बघतो. मग मी अहवाल टाइप करते. माझ्या आधी त्या टेबलावर जे कोणी होते, त्यांनी नमुनाच तयार करून ठेवलाय. तारीख घालायची, विषय घालायचा, आणि खाली आधीच छापलेलं असतं, 'प्राप्त हरकती : निरंक'. निरंक म्हणजे काही नाही. ऑफिसात 'काही नाही' असं लिहीत नाहीत, ते फार उघडं दिसतं.

तो शब्द खोडून दुसरं काही लिहायची वेळ माझ्यावर बारा वर्षांत जेवढ्या वेळा आली, त्यातल्या बहुतेक वेळा काकांमुळे आली. पहिल्या पहिल्यांदा मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. ते यायचे, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा लावायचे, आणि प्रत्येक नोटीस पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचायचे. मग खिडकीशी यायचे.

"मॅडम, हे 'सोयीच्या दृष्टीने' लिहिलंय. कुणाच्या सोयीच्या?"

"काका, ते असंच लिहायची पद्धत आहे."

"असेल. पण सोय कुणाची तरी असणारच ना. नाव द्या त्याचं."

एकदा त्यांनी चक्क फलकावरच हरकत घेतली. फलक फार उंच टांगलाय, बुटक्या नागरिकाला वरची ओळ दिसत नाही, असा अर्ज. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अर्ज रीतसर होता, पोच दिलेली होती. सुनावणी झाली. काकांनी मोजायची टेप आणली होती. फलक हातभर खाली आला. तेव्हापासून आमचे उंच साहेब ये-जा करताना त्या फलकाला खांदा आपटून घेतात आणि दर वेळी काकांची आठवण काढतात. ती कशी काढतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्याच हरकती काही जिंकल्या नाहीत. दहातल्या सात फेटाळल्या जायच्या. पण शाळेच्या भिंतीला लागून येणारा कचऱ्याचा डबा त्यांनी हलवला, वाचनालयाची संध्याकाळची वेळ वाचवली. त्यांच्याच दुकानासमोर फुकट पार्किंग होणार होतं, गिऱ्हाइकं वाढली असती, त्यालाही हरकत घेतली. कारण त्यात फुटपाथ जात होता. काकू तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. ठणठणीत बाई. घरी मुलांचे कपडे शिवायच्या, जिभेला धार होती आणि हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. "माझी सवत तुमच्या ऑफिसात काचेत टांगलेली आहे," असं त्या मला म्हणायच्या. "जरा तिच्याकडे लक्ष ठेव गं. मंगळवारी फार नटून जातात हे." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मूल नव्हतं त्यांना. एकमेकांना टोमणे मारण्यात दोघांचा जन्म मजेत चालला होता.

काकांना मी एकदा विचारलं होतं, कशासाठी एवढा आटापिटा. त्यांनी पट्टी ओढता ओढता सांगितलं, "मत द्यायचं पाच वर्षांतून एकदा. मधले दिवस काय, रजा? आपण गप्प बसलो की ते 'हो' धरतात. मला 'हो' म्हणायचं असेल तर मी तोंडाने म्हणेन." भाषण केल्यासारखं नाही, टबात पाणी कमी झालंय असं सांगावं, तशा सुरात.

आमच्या वस्तीला या माणसाचा फार अभिमान होता. आणि त्या अभिमानातच आमची गोची झाली. नोटीस कुठे लागते, सुनावणी कधी असते, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजच नव्हती. 'काका बघतील' म्हटलं की विषय संपायचा. सगळ्या वस्तीचं नागरिकपण आम्ही एका खुर्ची विणणाऱ्याच्या गळ्यात घातलं होतं आणि वर त्याला हसत होतो. मी तर त्या फलकाची किल्ली पर्समध्ये घेऊन फिरत होते, आणि मीही तेच म्हणत होते.

मग एका रविवारी सकाळी काकू शिलाई मशीनवर बसल्या बसल्या खाली पडल्या. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. काकांनी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि पुढचे एकेचाळीस दिवस ते तिथल्या बाकावर राहिले. दुकानाचं कुलूप निघालं नाही. टबातल्या पट्ट्या काळ्या पडल्या, वास यायला लागला, तेव्हा शेजारच्या इस्त्रीवाल्याने खिडकीतून हात घालून त्या काढून टाकल्या.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्या टेबलावर एक नोटीस आली. 'प्रवासीसंख्या अपुरी असल्याने व सोयीच्या दृष्टीने मार्ग क्रमांक सात बंद करण्याचे प्रस्तावित आहे.' सात नंबर आमच्या वस्तीतून निघते, बाजारातून, माझ्या ऑफिसावरून, नदीवरच्या पुलावरून टेकडीवर जाते. मी रोज तिनेच यायचे. ती नोटीस मी वाचली, 'अरे देवा' म्हटलं, आणि फलकात लावली. डावीकडून तिसरी.

तीस दिवस ती तिथे होती. रोज सकाळी फलकाची काच पुसताना मला ती दिसायची. काका हॉस्पिटलात आहेत हे मला माहीत होतं, मी स्वतः दोनदा जाऊन आले होते, काकूंच्या उशाशी बसले होते. नोटिशीबद्दल एक अक्षर बोलले नाही. अशा वेळी ऑफिसचं कशाला काढायचं, असं मनाशी म्हटलं. आणि त्याच मनाला खात्रीही होती, की सुनावणीला काका येतील. अंगात ताप असताना आलेला माणूस तो, बायको आजारी म्हणून थोडाच राहील. आता हे वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते.

मी स्वतः हरकत घ्यावी, हे मनात आलंच नाही असं नाही. एकदा आलं. अर्जाचा कागद माझ्याच कपाटात होता, पोच द्यायचा शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये. पण मी पडले कार्यालयाची माणूस. आपणच अर्ज लिहायचा, आपणच शिक्का मारायचा, साहेब काय म्हणतील? शिवाय नवऱ्याकडे स्कूटर होतीच. मी विचार झटकला आणि चहाला गेले.

सुनावणीच्या मंगळवारी हॉलमध्ये साहेब आणि मी. सव्वाअकरा वाजले. साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज तुमचे काका नाहीत?"

"बायको आजारी आहे त्यांची."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मग टाका."

मी तारीख घातली, विषय घातला. खालची ओळ तयारच होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी काकूंना हॉस्पिटलमधून सोडलं, म्हणजे टेकडीवरच्या शुश्रूषागृहात हलवलं. घरी सांभाळणं शक्यच नव्हतं. भेटायची वेळ दुपारी तीन ते पाच. काकू कुणाच्या हातचं गिळत नव्हत्या. नर्स चमचा तोंडाशी नेई, त्या ओठ मिटून घेत. काका गेले, कुस्करलेलं केळं आणि सूप घेऊन शेजारी बसले, काहीबाही बोलत राहिले, की वाटीभर पोटात जाई. नर्सने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "तुम्ही रोज या. नाहीतर नळी घालावी लागेल, आणि नळी त्या ठेवत नाहीत, ओढून काढतात."

हे सगळं मला काकांनीच सांगितलं, सात नंबरच्या थांब्यावर. हातात डबा होता, दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर किती दिवसांनी थोडा उजेड होता.

"नशीब बघा," ते म्हणाले, "सात नंबर थेट तिच्या फाटकाशी जाते. शेवटचा थांबा. गुडघे माझे हे असे, टेकडी काही चढवली नसती. पण बस आहे, काळजी नाही."

पाच दिवसांनी ती बस बंद होणार होती. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हो ना."

एक तारखेला सकाळी थांब्यावर पंधरा-वीस माणसं जमली. बस काही येईना. मग कुणीतरी खांबावरचा कागद वाचला. आधी बडबड झाली, मग चिडचिड, आणि मग शाळेतल्या शिपायाने ते वाक्य म्हटलं, "म्हणजे हरकतकाका काय झोपले होते?" सगळ्यांच्या रागाला एकदम पत्ता मिळाला. पाच-सहा जण तरातरा त्यांच्या दाराशी गेले. मीही मागे होते. का गेले ते सांगता येणार नाही. बहुधा, कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून.

काकांनी दार उघडलं. हातात दुपारसाठी धुतलेला डबा होता.

"काका, सात नंबर बंद झाली. नोटीस लागली होती म्हणे महिनाभर. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते दाराच्या चौकटीला टेकले. "महिनाभर होती?" एवढंच विचारलं. कुणीतरी हो म्हटलं. काका म्हणाले, "चुकलं माझं. मी बघायला हवं होतं."

कुणीही म्हटलं नाही, की काका, तुमची बायको मरणाच्या दारात होती. कुणीही म्हटलं नाही, की आम्हालाही डोळे आहेत. सहा जण उभे होते, सातवी मी. माझ्या पर्समध्ये फलकाची किल्ली होती, आणि मी जमिनीकडे बघत होते.

त्या दिवसापासून काकांचा टेकडीचा प्रवास सुरू झाला. बाजारापर्यंत एक बस, तिथून दुसरी पुलापर्यंत, आणि पुढे चढ. धडधाकट माणसाला पंचवीस मिनिटं लागतात. काकांना सव्वा तास लागायचा. दुसरी बस वेळेवर आली तर ते चारला पोचत, नाही आली तर पावणेपाचला. पाचला भेटीची घंटा. कधी अर्धी वाटी पोटात जाई, कधी दोन चमचे. मग गुडघा सुजला आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस नागा व्हायला लागला. माझा नवरा एकदा त्यांना स्कूटरवरून सोडून आला. एकदाच. मग त्याची शिफ्ट बदलली, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आणि तरी या माणसाने काय केलं? सुजलेला गुडघा घेऊन तो मंगळवारी ऑफिसात आला. फेरविचाराचा अर्ज कसा करायचा हे त्याला तोंडपाठ होतं. कुणाही बाधित रहिवाशाने साठ दिवसांत अर्ज केला, की पुन्हा सुनावणी घ्यावी लागते. मी पोच दिली. शिक्का उलटा पडला, दुसरा मारला. काकांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मॅडम, सुनावणीला जास्त माणसं आली तर फरक पडतो ना?"

"पडतो, काका."

मग ते दारोदार गेले. संध्याकाळी टेकडीवरून परतल्यावर, एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हाताने कठडा धरून एकेक जिना चढत. "मंगळवारी अकराला, दुसरा मजला. बोलायचं नसेल तर नुसते बसा. खुर्च्या भरलेल्या दिसू देत." प्रत्येकाने हो म्हटलं. इस्त्रीवाला म्हणाला, दुकान बंद ठेवून येतो. शाळेतल्या शिपायाने तर हात जोडून माफी मागितली. ऐकून मलाही हलकं वाटलं. चला, निस्तरलं म्हणायचं.

सुनावणीच्या अकरा दिवस आधी काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असेल. रोज वाटीभर पोटात गेलं असतं तर किती दिवस निघाले असते, हे मी कुणाला विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची माझ्यात हिंमत नाही.

मंगळवारी मी हॉल उघडला. पावणेअकराला साहेब आले. अकराला चोवीस खुर्च्या रिकाम्या. वस्तीतल्या लोकांनी काय विचार केला, ते मला नंतर कळलं. काकू गेल्या, आता काका कशाला येतील, आणि काका नाहीत म्हणजे सुनावणीही नसणार. सगळ्यांनी आपापल्या घरात बसून, एकमेकांना न विचारता, हेच ठरवलं होतं.

अकरा वाजून सात मिनिटांनी जिन्यावर पावलं ऐकू आली. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. काका दारात आले. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. पहिल्या रांगेत येऊन बसले.

साहेब उठून उभे राहिले. ते कुणासाठी उठत नाहीत. "काका, कळलं मला. फार वाईट झालं. तुम्ही आज आला नसता तरी चाललं असतं."

"अर्ज माझा आहे," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर लिहून आणलेलं वाचलं. शुश्रूषागृहात बेचाळीस रुग्ण आहेत. त्यांतल्या एकोणीस जणांची माणसं नदीच्या अलीकडे राहतात. त्यांतली अकरा साठीच्या पुढची आहेत. दुपारची एकच फेरी ठेवली तरी पुरेल. नावं, वयं, सगळं होतं. भेटीच्या वेळेत शेजारच्या खाटांवर विचारत विचारत त्यांनी ती यादी केली होती. आवाज कुठेही हलला नाही. मीच टाइप करताना दोनदा चुकले.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. "एक औपचारिक प्रश्न विचारावा लागतो, काका. या मार्गाशी अर्जदाराचा सध्याचा संबंध."

काकांनी चष्मा काढला.

"आता नाही," ते म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं म्हणू नका. नियमात बाधित रहिवासी म्हटलंय. तुम्ही 'नाही' म्हटलंत तर अर्जच निकाली निघतो. कधीमधी टेकडीवर जातो, एवढं म्हणा. कोण तपासायला जातंय?"

"जात नाही मी. कुणाकडे जाऊ?"

"काका, तुमच्याच यादीतल्या लोकांसाठी सांगतोय."

"कळतंय मला. पण मी खोटं सांगून ती बस आणली, तर उद्या कुणीतरी खोटं सांगूनच दुसरी बंद करेल." ते यादीची घडी घालू लागले. "यादीतलं कुणी आलं असतं तर बरं झालं असतं. ती माणसं या वेळी डबा करण्यात असतात. दोन बस बदलाव्या लागतात ना आता, लवकर निघावं लागतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करावं म्हणून पाहिलं. आणि मी उठले. धीर आला म्हणून नाही. बसवेना, म्हणून. "साहेब, मी त्याच वस्तीत राहते. सात नंबरने येत होते. माझी हरकत लिहून घ्या."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "मग मूळ सुनावणीला? तेव्हाही तुम्ही इथेच बसला होतात."

"हो."

"मग?"

मी अर्जाचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्यावर माझं नाव लिहिलं. तो कागद वरच्या कार्यालयात गेला. अजून तिथेच आहे. घोंगडं भिजत पडलंय. मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवते, आणि बस आलेली नाही.

सुनावणी संपली तेव्हा काका हळूहळू जिना उतरत होते. मी मागून गेले, त्यांचा हात धरला. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या नोकरीला काही त्रास नाही ना होणार?"

तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हटलं, "काका, ती नोटीस मी लावली होती. तीस दिवस रोज बघत होते. थांब्यावर तुम्ही भेटलात, तेव्हाही मला माहीत होतं. मला वाटलं, तुम्ही याल. सुनावणीला तुम्ही येणारच, असं वाटलं मला."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. काकांनी फक्त मान हलवली. मग तिथल्या बाकावर बसले, गुडघा दोन्ही हातांनी दाबत.

"मीसुद्धा निघालो होतो," ते म्हणाले. "हॉस्पिटलात दुसरा मंगळवार होता. मला राहवेना. तिला म्हटलं, तासाभरात फलक बघून येतो. तिने माझी बाही धरली, डाव्या हाताने. बोलता तर येत नव्हतं. काहीतरी सांगायचं होतं तिला, मला कळेना, आणि मला कळत नाही म्हणून तिला रडू यायला लागलं. मग तिने बाही सोडली आणि चादरीवर बोटं अशी आपटली, टाइप करतात तशी. परत परत. तेव्हा लक्षात आलं. तुम्ही आहात ना इथे, असं म्हणत होती ती."

त्यांनी चष्म्याचा दोरा गळ्यात नीट केला.

"मलाही पटलं ते. मग मी नाही उठलो."